आईच्या मौनातली होडीवाली

त्या मे महिन्यात दुपार झाली की आमच्या घरात समुद्र यायचा.

खिडकीला ओली चादर बांधलेली असायची. कूलर पाणी ओढत गुळगुळ करायचा. चादरीतून गाळून आलेला उजेड हिरवट-निळा व्हायचा आणि नाशिक रोडच्या आमच्या दोन खोल्यांमध्ये, टीव्हीच्या पडद्यावर, एक बाई होडी वल्हवत असायची. वल्हं पाण्यात जाताना काहीच आवाज नाही, बाहेर येताना थेंबांची एक ओळ. मधूनच देवळालीकडून तोफांच्या सरावाचा धप्प आवाज यायचा, मांडणीवरची भांडी थरथरायची आणि अर्धवट झोपेत मला वाटायचं, कुठेतरी लाट फुटली.

आई बोलत नव्हती. तिला बोलायची मनाई होती.

आई प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. खोल्या कमी, म्हणून कित्येक वर्षं एकाच खोलीत दोन वर्ग, मागच्या भिंतीपर्यंत आवाज पोचवायचा तर ओरडायचंच. शिवाय कविता गाऊन शिकवायच्या. वर्ष संपता संपता तिचा आवाज फाटला आणि मग एक दिवस निघेचना. स्वरतंतूवर दाणा धरला होता. सुट्टी लागल्याबरोबर ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "शब्द नाही. कुजबुज नाही, ती जास्त लागते. गुणगुणणं तर नाहीच." आवाज परत येईल का, असं बाबांनी विचारलं. "येईल," त्या म्हणाल्या, "पण कसा येईल आणि किती टिकेल, ते मी आज सांगणार नाही."

आमच्या घराला हे मौन कसं पेलावं कळेना. ज्या घरात बोलणं हेच काम आहे असं घर आमचं. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते, आता निवृत्त आहेत, पण त्यांचा खरा व्यवसाय चळवळीची पत्रकं लिहिणं. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. शालिमारजवळच्या छापखान्यातून गठ्ठे यायचे, आम्ही जमिनीवर बसून घड्या घालायचो आणि त्याच गठ्ठ्यांना टेकून मी झोपायचे. 'जागे व्हा' हे माझ्या आयुष्यातलं पहिलं वाचलेलं वाक्य, आणि ते मी डुलक्या घेत वाचलं होतं.

आमच्याकडे एक रीत आहे. काहीही पाहिलं, ऐकलं, भाषण असो, पथनाट्य असो, कोणाचं लग्न असो, घरी आल्यावर उभं राहून सांगायचं: काय पटलं, काय पटलं नाही, का. उभं राहूनच. "बसून दिलेलं मत हे मत नसतं, कुरकुर असते," असं बाबा म्हणतात. दुसरी रीत ठरावांची. पडदे कोणत्या रंगाचे इथपासून मी कोणत्या कॉलेजात जायचं इथपर्यंत घरातली प्रत्येक गोष्ट ठराव मांडून होते. बाबा ठराव वाचतात आणि तीनदा विचारतात, "विरोध?" कोणी बोललं नाही की मंजूर. लहानपणी माझ्या मैत्रिणींच्या घरी वडील नुसते हुकूम सोडायचे, तेव्हा मला आमच्या घराचा केवढा अभिमान वाटायचा.

जपानी कार्टून मालिका मी आणल्या. आईला दुपारभर झोप येत नसे, पुस्तक वाचताना तिचे ओठ हलत आणि डॉक्टरीणबाईंना तेही चालत नव्हतं. मराठी-हिंदी मालिका लावल्या तर ती उत्तरं द्यायला तोंड उघडायची, ही तिची शिक्षिकेची सवय. मग मी म्हटलं, जिची भाषाच येत नाही तिला उत्तर कसं देणार? खालची इंग्रजी ओळ मी मराठीत सांगत जाईन. आईने मान डोलावली. तिच्या हातात एक चमचा आणि वाटी असायची. वर्ग टाळ्या वाजवून सांभाळणारी बाई ती, तिने लगेच खुणा ठरवल्या: एक ठोका म्हणजे पुरे, दोन ठोके म्हणजे पुन्हा सांग.

आणि मावशी. आईची धाकटी बहीण, देवळ्याची. कांदे साठवणीच्या चाळीत भरून झाले तशी ती आमचा स्वयंपाक करायला आली होती. घरातलं सगळं बोलणं तिने एकटीने भरून काढलं.

"आक्का, ही पोरं एवढाले डोळे घेऊन झोपत कशी असतील? पापणी पुरते का?"

आईचे खांदे हलायचे. हसायलाही आवाज नव्हता.

सुरुवातीला आम्ही लढाईची मालिका लावली. शाळेतली मुलं डोंगराएवढ्या यंत्रांत बसून शत्रूशी लढतात. रंग असे की श्वास अडकावा: जळत्या शहरावर पडणारं गुलाबी बर्फ, आणि एक मुलगी त्यात हात पसरून उभी. मी भारावून गेले होते. पण चार दिवसांनी उभं राहून मत दिलं तेव्हा माझाच पारा चढला. "ही मालिका युद्धाच्या विरोधात आहे असं म्हणते, पण रडते फक्त आपल्याच मेलेल्यांसाठी. समोरच्या यंत्रातही कोणाचं तरी पोर बसलंय, त्याचा चेहरा एकदाही दाखवत नाही. ज्याला चेहरा देत नाही त्याला मारणं सोपं जातं. हे आपण रोज बघतो. पटलं नाही." बाबांनी टाळी वाजवली. आईने चमच्याने वाटीवर एक ठोका दिला.

दुसरी मालिका एका कचेरीतल्या माणसाची. कामाच्या ओझ्याने तो टेबलावरच मरतो आणि दुसऱ्या जगात राजपुत्र म्हणून जन्म घेतो. बाबा तोवर पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला.

"काय झालं म्हणालीस?"

"पुन्हा जन्माला आला, बाबा."

"पुनर्जन्म? आपल्या घरात? बंद कर."

"अहो दाजी, चित्रातला हाय तो," मावशी म्हणाली. "त्याला कुठं आपल्या कॉलनीत जन्म घ्यायचाय."

बाबांनी ऐकलं नाही. मलाही बाबांचंच पटलं होतं, पण वेगळ्या कारणासाठी. ज्या कचेरीने त्याला मारलं तिच्याबद्दल मालिका एक शब्द बोलत नाही. खुर्ची रिकामी झाली, दुसरा बसला असेल. आणि हा तिकडे राजवाड्यात! कामगाराला देण्यासाठी तुमच्याकडे एवढंच असेल, मरा आणि मग राजे व्हा, तर हे आपल्याकडे फार जुनं झालंय. हे मी उभं राहून बोलले. आई माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत कौतुक होतं आणि आणखी काहीतरी होतं, ते मला तेव्हा वाचता आलं नाही.

मग होडीवाली आली.

त्या मालिकेत काही घडत नाही म्हटलं तरी चालेल. एक बेट आहे. बेटावरून पलीकडच्या गावी जायला एकच होडी, ती चालवणारी एक बाई, तिशीतली. प्रत्येक भागात एक प्रवासी. कधी मासे विकणारी म्हातारी, कधी परीक्षेत नापास झालेला मुलगा, एकदा तर नुसता एक पाळलेला बोका, टोपलीत. ते बोलतात, ती वल्हवते. बोललीच तर "वारा आहे" किंवा "सावकाश उतरा." बाकी पाणी. सकाळचं दुधासारखं पाणी, दुपारचं पितळी, आणि संध्याकाळी बेटावरचे दिवे लागले की पाण्याच्या पोटात उलटं वसलेलं अख्खं गाव.

एवढ्या गप्प बाईचा मला राग यायला हवा होता. पण ते पाणी रागाला टेकू देत नव्हतं. पडद्यावर भातुकलीएवढ्या वाटीत भाताची वाफ निघायची आणि मावशी पोळपाट घेऊन दारातच बसायची.

"यांचा बी भात आन् आपला बी भात. मग यांचा एवढा चमकतो का?"

"रंगवलाय, मावशी."

"मंग आपला बी कोणीतरी रंगवला पायजे."

मी ओळी मराठीत सांगत असायचे. जिथे होडीवाली गप्प असे तिथे मला राहवत नसे, मी समजावून सांगू लागे: आता हिला वाईट वाटतंय, आता ही आपल्या आईची आठवण काढतेय. वाटीवर एक ठोका पडायचा. पुरे. मी गप्प व्हायचे आणि मग वल्ह्याचे थेंब ऐकू यायचे. असं वारंवार झालं. हळूहळू मी आईसारखी बघायला लागले असं मला वाटत होतं. कधी डोळा लागायचा, आणि झोपेत नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांचा डोंगर त्या बेटाच्या मागे येऊन बसायचा, वर चढणाऱ्या पायऱ्या थेट पाण्यातून निघालेल्या, आणि पायऱ्यांशी होडी लावून आई उभी. तिच्या तोंडून कविता निघायची, मुलांची, पावसाची का पाखरांची, पण ऐकू काहीच यायचं नाही.

जागी व्हायचे तेव्हा कात्रीचा आवाज चालू असायचा. बघता बघता आई कापत असायची. बाबांच्या उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूंवर ती मोठी अक्षरं काढायची, मग चौकोन कापायची. ग, म, न, कमळातला क, दरवर्षीची अक्षरकार्डं. बिचारीला वेळ जायला काहीतरी हवं, असं आम्ही म्हणायचो.

अशाच एका दुपारी, जेवणानंतर, बाबांनी ठराव मांडला. मालिकेचा भाग संपला होता, पडद्यावर नुसतं पाणी थांबलं होतं. बाबा उभे राहिले आणि घसा साफ केला, आणि मग आईसमोर घसा साफ केल्याबद्दल ओशाळले.

"ठराव असा. जून उजाडायच्या आत स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्यावा. त्या शाळेने हिचा आवाज एकदा घेतला. दुसऱ्यांदा आपण देणार नाही." भित्रा माणूस नाही तो, पोलिसांच्या लाठीला उभा राहिलेला आहे. पण ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर मी त्यांना चपला उलट्या पायांत घालून बसलेलं पाहिलं होतं.

मी लगेच उभी राहिले. मी फार छान बोलले. बाईच्या गळ्यावर उभी राहिलेली शाळा म्हणजे शाळा नव्हे, असं काहीतरी बोलले. सेवा हा शब्द कोणी शोधला आणि तो बायकांच्याच वाट्याला का येतो, असंही. एक पत्रक होईल इतकं बोलले.

आई कापत होती. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात कागद.

"विरोध?" बाबांनी विचारलं.

कात्री चालू.

"विरोध?"

"अहो दाजी," मावशी म्हणाली, "तिला बोलायची बंदी आन् तुम्ही विरोध काय विचारता? कसा करंल ती?"

"हात आहे की. वर करावा."

"हात कुठं मोकळा हाय तिचा?"

"मावशी, ठरावाच्या मध्ये बोलायचं नसतं," मी म्हटलं.

"विरोध?" बाबांनी तिसऱ्यांदा विचारलं. आईने मान वर केली, आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं, आणि 'श' कापायला घेतला. कार्ड नेहमीसारखंच चौकोनी, पण ते तिने फार सावकाश कापलं.

"मंजूर," बाबा म्हणाले आणि खाली बसले. बसताना त्यांनी डोळे पुसले. आम्हाला दोघांनाही हलकं वाटलं. मावशी भांडी घासायला उठली आणि नेहमीपेक्षा जास्त आवाज करून घासू लागली.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आरशाने घसा बघितला आणि म्हणाल्या, "आता बोला. थोडं, हळू, पण स्वतःच्या आवाजात." आई हसली आणि काहीच बोलली नाही. रिक्षात नाही, जिन्यात नाही.

"जपून ठेवलाय तिनं पयला शब्द," मावशी म्हणाली. "चहा म्हननार, बघा. नायतर मला शिव्या घालनार, मीठ जास्त पडतंय म्हणून."

बाबा अर्जाचा मसुदा टेबलावर ठेवून फेऱ्या मारत होते. मलाही धीर नव्हता. आवाज कसा आलाय ते कळायला हवं होतं, पण विचारायची भीती वाटत होती. म्हणून मी होडीवाली लावली.

त्या भागात पलीकडच्या गावापर्यंत पूल बांधायचं ठरतं. होडीवालीचे काका घरातल्या सगळ्यांना बुटक्या टेबलाभोवती बसवतात. प्रेमळ माणूस आहे. म्हणतात, तुझे हात बघ, थंडीत फुटतात, आता होडी विकून टाकू, तुला गावात दुकान काढून देऊ. सगळे माना डोलावतात. ती वाकून नमस्कार करते. चहा ओतते. मग धक्क्यावर जाते. सूर्य बुडालेला आहे, आकाश पिकलेल्या जांभळाचं. ती तिथे थोडा वेळ वाकून काहीतरी करते आणि घरी येते. भाग संपतो.

मी उभी राहिले. इतके दिवस साठलेला सगळा राग एकदम वर आला.

"पटलं नाही. अजिबात नाही. तिचं सगळं आयुष्य विकायला काढलं आणि ही बाई वाकून चहा ओतते! एवढं सुंदर पाणी काढायचं आणि त्यावर ही लाचारी तरंगत ठेवायची? गप्प बसणं म्हणजे मान्य करणं. हे तिला कोणी शिकवलं नसेल तर मालिकेने शिकवायला हवं होतं. तिने एकदा, फक्त एकदा, नाही म्हणायला हवं होतं—"

"म्हणाली की ती."

मला आधी कळलंच नाही कोण बोललं. तो आवाज आईचा नव्हता. खाली होता, जाडसर, ओल्या कापडातून गाळल्यासारखा. मावशीच्या हातातला कप तसाच राहिला.

आई खाली बसलेली होती. ती उभी राहिली. बाबांसमोर, रीतीप्रमाणे.

"तिचा विरोध होता," ती म्हणाली. प्रत्येक शब्दाला थांबत, जिना उतरल्यासारखी. "धक्क्यावर. बघ पुन्हा."

मी भाग मागे नेला. धक्का, जांभळं आकाश. होडीवाली वाकते. होडीचा दोर खुंटाला बांधलेलाच आहे. ती तो सोडत नाही. आणखी एक वेढा देते, पाय लावून ओढते. मग आणखी एक. इतका घट्ट, की दोरातून पाणी पिळून निघतं. माझं लक्ष आकाशाकडे होतं, पहिल्यांदा बघताना. सगळं आकाश माझ्यासाठी रंगवलेलं होतं आणि ती बाई खाली आपलं मत देत होती.

बाबांची नजर दोरावरून निघाली आणि जमिनीवर आली. तिथे अक्षरकार्डांचे गठ्ठे होते. संबंध वर्णमाला, प्रत्येक अक्षराचे कितीतरी, रबर लावून ठेवलेले. एका वर्गाला पुरतील इतके. ते आमच्या डोळ्यांदेखत, ठराव चालू असतानाही, कापले गेले होते. बाबांनी एक कार्ड उचलून उलटं केलं. मागे त्यांचंच अर्धं वाक्य होतं: 'आवाज उठव—' आणि तिथे कात्री लागलेली.

"आणि गळा?" त्यांनी विचारलं. "पुन्हा गेला तर?"

"गेला तर जाईल." आई थांबली, पाणी प्यायली. "ओरडणार नाही. टाळ्या आहेत. कार्डं आहेत. पहिली माझ्याकडे आहे, जूनला."

"पण आम्ही तीनदा विचारलं, आई," मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि मला ते नको होतं. "तीनदा."

"विचारलंत," ती म्हणाली. "बघितलं नाहीत."

"झालं!" मावशीने कप आपटला. "मी तवाच सांगत व्हते, हात मोकळा नाय तिचा. तर मला म्हनते, मधी बोलायचं नसतं!"

बाबा बराच वेळ ते कार्ड फिरवत राहिले. मग उभे राहिले, आणि पहिल्यांदाच, मला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदाच, त्यांनी ठराव वाचला नाही. अर्जाचा मसुदा उचलला, कोरी बाजू वर करून आईसमोर ठेवला आणि म्हणाले, "यात चार निघतील का अक्षरं?"

आईने कागद उजेडात धरून बघितला. "सहा," ती म्हणाली. मग चमचा घेऊन वाटीवर दोन ठोके दिले. पुन्हा लाव.

आम्ही तो भाग तसाच पुन्हा बघितला. मी एकही ओळ मराठीत सांगितली नाही. तोफांचा धप्प आवाज आला, भांडी थरथरली, लाट फुटली. होडीवाली धक्क्यावर गेली आणि आम्ही चौघं, मावशीसुद्धा, तिच्या हातांकडे बघत होतो.

शाळा सुरू होऊन आता बरेच दिवस झाले. आईचा आवाज त्या जाडसर जागीच राहिला. कविता ती गात नाही, एक ओळ म्हणते आणि पुढची मुलांना म्हणायला लावते. संध्याकाळी तिचा घसा दुखतो, तेव्हा ती बोलत नाही आणि बाबा तिच्यासमोर बसून राहतात. त्यांची भीती गेलेली नाही. माझीही नाही. परवा डबा द्यायला मी तिच्या वर्गावर गेले होते. खिडकीला दोरी बांधून तिने अक्षरकार्डं लटकवली होती, मागून ऊन येत होतं. 'श'च्या पोटातून बाबांच्याच एका जुन्या पत्रकाची उलटी अक्षरं दिसत होती, पाण्यात पडलेल्या गावासारखी. वाचता येत नव्हती. वर्ग गप्प होता, सगळी मुलं आईच्या वर उचललेल्या हातांकडे बघत होती.